कीस्टेपवर आर्पेजिओची पट्टी बदलताना: आर्प की सीक्वेन्स?

आर्टुरिया कंपनीच्या कीस्टेप या ३२ पट्ट्यांच्या मिडी कीबोर्डवर आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजणं) वरखाली सरकवायचे दोन मार्ग आहेत. आर्प (आर्पेजिओ) मोडमध्ये नवा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले स्वर, धरायचा, किंवा सीक (सीक्वेन्स) मोडमध्ये स्वरांची आकृती एकदा भरून नंतर एकच पट्टी दाबून ट्रान्सपोज करायची, म्हणजे अख्खी वर किंवा खाली सरकवायची.

सीक्वेन्समध्ये ६४ स्टेप (स्वरांच्या जागा) मावतात. रेस्ट (रिकाम्या जागा) आणि टाय (लांबवलेले स्वर) जागच्या जागी राहतात, आणि पट्टी बदलायला एक बोट पुरतं. पण सरकवणं सरसकट अर्धस्वरांत होतं, स्केल चेंजर हार्मोनियमसारखं. मिडीत प्रत्येक स्वराला क्रमांक असतो, एक अंक म्हणजे एक अर्धस्वर; सी मेजर कॉर्डचे स्वर ६०, ६४, ६७ दोनने चढवले की ६२, ६६, ६९ मिळतात, म्हणजे डी मेजर. सी मेजरच्या पट्टीत हवा असतो डी मायनर: ६२, ६५, ६९. तो मधला ६६ लगेच कानाला खटकतो. मूळ आकृतीत तिसरा स्वर ठेवलाच नाही, फक्त ६०, ६७, ७२ घेतले, तर ही अडचण बऱ्यापैकी टळते.

आर्पमध्ये मेजर-मायनर बोटांवर ठरतं. होल्ड (बोटं उचलली तरी कॉर्ड वाजत ठेवणारी सोय) चालू असताना मात्र जुन्या कॉर्डची एखादी पट्टी दाबलेली राहिली तर नवे स्वर त्यातच मिसळतात. आधी सगळी बोटं उचला, मग पुढचा कॉर्ड.

ड्रम मशीन जोडलं असेल तर सीक्वेन्सचं ट्रान्सपोज टाळाच. जनरल मिडी या ठरलेल्या मांडणीत प्रत्येक वाद्याला स्वराचा क्रमांक असतो, त्यामुळे ३६ वरचा किक (मोठा ड्रम) दोनने सरकून ३८ वर, म्हणजे स्नेअरवर जातो!

चाली सतत बदलणाऱ्या गाण्याला आर्प, ठाय बेसलाइनला सीक्वेन्स.