उद्यानातल्या पाट्या: व्हिनायल, एनॅमल की क्यूआर कोड?

उद्यानाचं नूतनीकरण संपत आलं की उरल्यासुरल्या पैशांत पाट्या उरकल्या जातात. मग कंत्राटदार सर्वांत स्वस्त पर्याय सुचवतो: एसीपी शीटवर, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक भरलेल्या फळीवर, व्हिनायल, म्हणजे छापलेली चिकट प्लास्टिकची फिल्म. छपाई झटपट होते, मजकूर बदलणं सोपं. पण मुंबईचं ऊन लाल-पिवळे रंग आधी खातं आणि पावसाळ्यात कडा सुटू लागतात. वेळा, नियम, दुरुस्तीच्या सूचना यांसाठी हे चालेल. झाडांच्या माहितीसाठी नको.

एनॅमल महाग, पण माझा कौल त्यालाच. पोलादी पत्र्यावर काचेचा थर भट्टीत वितळवून बसवतात, त्यामुळे रंग उन्हाने विटत नाही आणि कोणी मार्करने नाव लिहिलं तरी पुसता येतं. घाव बसला तर मात्र टवका उडतो आणि तिथून गंज धरतो. भोकं भट्टीआधीच पाडून घ्यावी लागतात, म्हणजे मापं आधी पक्की हवीत. खांब स्टेनलेस असतील तर समुद्राजवळ नेहमीच्या ३०४ ऐवजी खाऱ्या हवेत कमी गंजणारी ३१६ ग्रेड मागा.

सुटी उठावाची अक्षरं चिकटवणं दिसतं देखणं, पण देवनागरीला ते मानवत नाही. सर्वांत लहान तुकडा अनुस्वाराचा, तोच आधी गळतो आणि 'गोरखचिंच' (बाओबाबचं झाड) या नावाचं 'गोरखचिच' होतं.

क्यूआर कोड जोडीला ठेवा, पाटीच्या जागी नको. नातवंडांना घेऊन आलेल्या आजी मोबाईल काढून स्कॅन करत बसणार नाहीत. शिवाय वेबसाइटच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं की कोड निकामी.

साहित्याहून मोठा प्रश्न मजकुराचा. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या मुंबईतल्या राणीच्या बागेतली गोरखचिंच घ्या. नुसतं शास्त्रीय नाव आणि कुळ लिहिलं तर वाचणारा पुढे सरकतो. त्याऐवजी लिहा: 'मूळची आफ्रिकेतली. फुगीर खोडात पाणी साठवते. उन्हाळ्यात निष्पर्ण असते, मेलेली नाही. पावसाच्या सुरुवातीला संध्याकाळी मोठी पांढरी फुलं उमलतात. वटवाघळं त्यांच्यावर येतात.' एवढं वाचलं की माणूस मान वर करून बघतोच. शास्त्रीय नाव खाली बारीक टाइपात असू दे. मराठी ओळींत मात्र जास्त अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात.

पैसे कमी असतील तर पाट्यांची संख्या कमी करा, दर्जा नको. आणि पाटी कुठलीही निवडा, झाडाला खिळा ठोकू नका. खोड जाड होत जातं तसं ते खिळा गिळतं, पाटी वाकते आणि जखमेतून कीड शिरते. मुळं सांभाळून बाजूला खांब रोवा.