मशीनमध्ये नसलेल्या ब्लूटूथचा ड्रायव्हर मला विकला गेला

तीन मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरांमधून मी एक मशीन उभं केलं. एकाचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर, दुसऱ्याची रॅम, तिसऱ्याचा पॉवर सप्लाय. विंडोज नव्याने टाकली, पण आवाज येईना आणि लॅनची केबल लावूनही नेट मिळेना. विंडोजमध्ये मशीनच्या सगळ्या भागांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये चार पिवळी उद्गारचिन्हं होती. चारही ठिकाणी कोड २८, म्हणजे ड्रायव्हरच नाही, त्या भागाशी विंडोजला बोलता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअरच नाही.

मोबाइल यूएसबीने जोडून नेट घेतलं आणि बोर्डवर छापलेला नंबर सर्च केला. घोळ इथेच झाला. ब्रँडेड मशीनमधून काढलेल्या बोर्डवर बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा पार्ट नंबर असतो आणि ड्रायव्हर मात्र त्या अख्ख्या मशीनच्या मॉडेलखाली ठेवलेले असतात. मग खरी साइट सापडत नाही. सापडतात ती कुठलाही नंबर टाकला तरी 'तुमचा ड्रायव्हर इथे आहे' म्हणणारी पानं. सगळ्यात वरच्या पानावर बोर्डच्या कंपनीचा लोगो होता. वर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही.

डाउनलोड झाला तो ड्रायव्हर नव्हता, ड्रायव्हर शोधून देणारा प्रोग्राम होता. त्याने मिनिटभरात लाल अक्षरांत ३७ ड्रायव्हर जुने असल्याची यादी दाखवली. त्या यादीत ब्लूटूथ होतं. या मशीनमध्ये ब्लूटूथ नाही. प्रत्येक स्क्रू मी स्वतः आवळलाय, आत काय आहे आणि काय नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तिथेच प्रोग्राम काढून टाकायला हवा होता. पण रात्रीचे दोन वाजले होते, दोन दिवस त्यातच गेले होते, आणि मी कार्डाने पैसे भरले.

लॅन तरीही चालू झालं नाही. प्रोग्राममध्येच मदतीचा नंबर होता, त्यावर फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याने रिमोटने स्क्रीन ताब्यात घेतली, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून त्यातल्या एररच्या ओळी दाखवल्या आणि मशीन हॅक झाल्याचं सांगितलं. तसल्या ओळी धडधाकट कॉम्प्युटरवरही असतातच, हे मला नंतर कळलं. मग तो म्हणाला, "रिफंड देतो, बँकेत लॉगिन करा." तेव्हा मात्र मी मोबाइलची केबल ओढून काढली. दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदलले, डिस्क पुसली आणि विंडोज परत टाकली.

यानंतर काम अर्ध्या तासात झालं, एक पैसा न देता. पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडी. तिथे 'व्हीईएन' (VEN) पुढे बनवणाऱ्याचा कोड असतो आणि 'डीईव्ही' (DEV) पुढे त्या चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १००२ म्हणजे एएमडी. माझं लॅन १०ईसी आणि ८१६८ निघालं, म्हणजे रिअलटेकची गिगाबिट चिप. हा आयडी जसाच्या तसा मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या साइटवर टाकला की ड्रायव्हरची कॅब फाइल, म्हणजे झिपसारखी बांधलेली फाइल, मिळते. ती उघडून एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि 'अपडेट ड्रायव्हर'ला तो फोल्डर दाखवायचा. दुसरं चिन्ह, 'एसएम बस कंट्रोलर', चिपसेटच्या, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपच्या, ड्रायव्हरने गेलं. तिसऱ्याचं 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' हे नाव वाचून मला मोडेम वाटलं होतं. ते इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन होतं, चिपसेटमध्येच बसवलेला एक छोटा वेगळा प्रोसेसर. आवाजाचा ड्रायव्हर लॅन सुरू झाल्यावर विंडोज अपडेटने आपणहून आणला.

महिन्याने कार्डावरून पुन्हा तेवढीच रक्कम गेली. पैसे भरताना 'दरमहा आपोआप नूतनीकरण' या चौकोनात आधीच टिक होती. कार्ड बंद केलं, बँकेत लेखी तक्रार दिली आणि ते पैसे परत आले. पहिले आले नाहीत. ते मी स्वतः ओटीपी टाकून दिले होते.