१००-४०० की १५०-६००? जवळ येणाऱ्या पक्ष्या-प्राण्यांसाठी लेन्स निवडताना

पक्ष्यांसाठी लेन्स घ्यायची म्हटली की सल्ला ठरलेला: झेपेल तितकी लांब घ्या. सल्ला चुकीचा नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा बगळा किंवा उंच घिरट्या घालणारी घार टिपायची तर १५०-६०० मिमीच्या झूम लेन्सपुढे १००-४०० मिमीच्या झूमचा निभाव लागत नाही (मिमी जितके जास्त, तितकं लांबचं मोठं दिसतं). त्याच जागेवरून ६०० मिमीला पक्षी दीडपट मोठा येतो, म्हणजे सेन्सरवर सव्वादोनपट जागा व्यापतो. क्रॉप करून (चित्राच्या कडा कापून) तेवढा फरक भरून निघत नाही, पिसांचे बारकावे जातात. दोन्ही लेन्स भरपूर वापरल्यावरही एवढं मी मान्य करतो.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

झुडपाआड हालचाल न करता बसलं की जीव आपणहून जवळ येतात. खंड्या शेजारच्या फांदीवर उतरतो, सरडा पुढ्यातल्या दगडावर ऊन खायला येतो, चतुर तर पायाशीच टेकतो. आणि नेमकी तेव्हाच लेन्स पुढे-मागे चाचपडत राहते, फोकस काही लागत नाही. बहुतेक १५०-६०० लेन्सना २.२ ते २.८ मीटरच्या अलीकडे फोकसच करता येत नाही. मग मागे सरकायचं, तेही बसल्या बसल्या, दोनेक किलोची लेन्स सांभाळत. आपण हललो की खंड्या उडाला आणि सरडा दगडाआड. लांबचा पक्षी लांबच राहिला तर मला फारसं वाईट वाटत नाही. पण इतका धीर धरून जवळ आलेला जीव आपणच हुसकावून लावायचा, हे काही केल्या पचेना.

यावर एक्स्टेन्शन ट्यूबचा (जवळचा फोकस लागावा म्हणून लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायच्या पोकळ नळीचा) उपाय हमखास सुचवला जातो. छोट्या लेन्सवर ती छान चालते. ६०० मिमीवर मात्र २५ मिमीच्या ट्यूबने वाढणारं मॅग्निफिकेशन (वस्तूच्या खऱ्या आकाराच्या तुलनेत सेन्सरवर पडणारं चित्र) जेमतेम ०.०४ पट, आणि ट्यूब लावलेली असेपर्यंत साधारण १५ मीटरपलीकडचं काहीच फोकसमध्ये येत नाही. समोरचा सरडा टिपताना मागून गरुड गेला, तर तो नुसता बघायचा.

१००-४०० मध्ये ही कटकट जवळजवळ नाहीच. कॅननची २०१४ सालची दुसरी आवृत्ती, सोनीची जीएम (जी मास्टर मालिकेतली) आणि निकॉनची झेड माउंटवाली (मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची), तिन्ही ४०० मिमीला सुमारे एक मीटरवर फोकस करतात. मॅग्निफिकेशन ०.३१ ते ०.३८ पट. १५०-६०० मध्ये ते ०.२ ते ०.२६ च्या घरात असतं. म्हणजे अगदी जवळच्या फुलपाखरासाठी ‘लहान’ लेन्सच जास्त मोठं चित्र देते. सगळ्याच १००-४०० अशा नसतात, हेही खरं. सिग्माची ४०० मिमीला १.६ मीटरवर थांबते, त्यामुळे नुसता ‘१००-४००’ हा आकडा वाचून घेऊ नये. आणि मुंगीचे डोळे हवे असतील तर यातली कुठलीच नको, सरळ मॅक्रो लेन्स घ्यावी.

टेलिकन्व्हर्टरचा (लेन्समागे लावून मिमी वाढवणाऱ्या जोडाचा) हिशेबही मला १००-४०० च्या बाजूने वाटतो. कॅमेऱ्याला चालणारा १.४ पटीचा लावला की ५६० मिमी मिळतात आणि जवळच्या फोकसचं अंतर तेवढंच राहतं. किंमत म्हणून एक स्टॉप जातो, म्हणजे आत येणारा उजेड निम्मा होतो, एफ/५.६ ची लेन्स एफ/८ होते. पहाटेच्या अंधूक उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि फोकस थोडा रेंगाळतो, निदान माझ्याकडे तरी. तेव्हा १५०-६०० वाल्याचा हेवा वाटतो.

विषारी सापाचं काय? तिथे अंतर हवंच, लेन्स कितीही जवळून बघू शकत असली तरी. घरट्यांचंही तेच. ज्यांना मुख्यतः सापच टिपायचे आहेत, त्यांना जवळच्या फोकसची माझी तक्रार कदाचित लागूच पडणार नाही.

उघड्या पाणथळीवरचे किंवा शिकारी पक्षी हेच तुमचं बहुतेक काम असेल, तर बेलाशक १५०-६०० घ्या. मी झुडपांत बसणारा माणूस. माझी १५०-६०० सध्या एका मित्राकडे असते आणि ती परत मागायची वेळ अजून आलेली नाही.