जुनं बियाणं पेरावं की नवं आणावं?

कांद्याचं बी दोन वर्षांपूर्वीचं असेल तर विचार करत बसू नका, नवं आणा. टोमॅटोचं तेवढंच जुनं असेल तर नव्याची घाई करू नका. दोन्ही बियाणी एकाच डब्यात, सारख्याच काळजीने ठेवली असली तरी उत्तर वेगळं येतं, कारण प्रत्येक पिकाच्या बियाला स्वतःचं आयुष्य असतं. कांदा साधारण वर्ष-दोन वर्षांत उताराला लागतो. मका, भेंडी, पालक दोन-तीन वर्षं धरून राहतात. वाटाणा, घेवडा तीन-चार वर्षं टिकतात. कोबी, टोमॅटो, काकडी, भोपळा चार-पाच वर्षांनीही चांगले उगवतात.

सोयाबीन आणि भुईमूग मात्र फार नाजूक. त्यांत तेल जास्त, साठवणीत ते खराब होत जातं आणि पेशींची आवरणं गळकी होतात. शिवाय सोयाबीनची साल पातळ, अंकुर तिच्या अगदी खाली, त्यामुळे पोती आपटली तरी उगवण घटते. ही दोन पिकं असतील तर मागच्या हंगामापेक्षा जुनं बी मी तरी तपासल्याशिवाय पेरणार नाही. भुईमूग शेंगांतच ठेवा, पेरणीच्या तोंडावर फोडा.

हे आकडे कोरड्या, थंड जागी ठेवलेल्या बियांचे. साठवणीचा एक जुना ठोकताळा आहे: बियांतला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की आयुष्य जवळपास दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणून पत्र्याखालच्या दमट खोलीत पडलेलं एका वर्षाचं बी हे हवाबंद बरणीतल्या चार वर्षांच्या बियापेक्षा ‘म्हातारं’ असू शकतं. पाकिटावरची तारीख अर्धीच गोष्ट सांगते. १८७९ साली वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या काही बिया २०२१ मध्ये, १४२ वर्षांनी उगवल्या, पण ते तण होतं. पिकांकडून तशी आशा धरू नका.

खरा निकाल ओल्या फडक्यात लागतो. शंभर बिया मोजून ओलसर कापडात ओळीने मांडा, गुंडाळी करा, उबदार सावलीत ठेवा. किती उगवल्या हे सगळेच मोजतात. कशा उगवल्या हेही बघा, माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं. जोमदार बियाची मुळी एकदम, सरळ, पांढरीशुभ्र येते आणि तिच्यावर बारीक लव दिसते. थकलेल्या बियाला दोन-तीन दिवस उशिरा मोड येतो, टोक तपकिरी पडतं, दलं (बियांतली पहिली जाड पानं) चिरलेली असतात. काही बिया नुसत्या फुगून बुळबुळीत होतात, त्यांतून साखर झिरपते आणि त्यावर बुरशी चढते. अशी रोपं मोजणीत धरू नका. फडक्यातल्या लाडापेक्षा शेतातली माती कठोर असते, तिथे आकडा आणखी खाली येतो. बिया पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढायच्या आणि बुडालेल्या चांगल्या समजायच्या, या युक्तीवर विसंबू नका. मेलेली बीसुद्धा बुडते.

ऐंशीच्या वर सुदृढ मोड आले तर जुनंच पेरा, नव्याचा खर्च कशाला? साठच्या आसपास आले तर बियाणं दीडपट टाका, पण उथळ आणि वापसा (पेरणीजोगी ओल) नीट असतानाच. पन्नासच्या खाली गेलं तर शेतासाठी नवंच घ्या. ज्या उगवतात त्या बियाही अशक्तच असतात, रोपं मागेपुढे येतात, नांग्या (न उगवलेल्या मोकळ्या जागा) भरता भरता हंगाम निघून जातो. दुबार पेरणीत बियाण्याच्या खर्चापेक्षा हुकलेली घात, म्हणजे पेरणीची योग्य वेळ, जास्त महाग पडते. वाफ्यात किंवा ट्रेमध्ये रोपं करणार असाल तर चाळीस टक्केही चालतील, कारण तिथे कमकुवत रोप काढून टाकता येतं.

नवं बियाणं म्हणजे खात्री, असंही नाही. तेही कुठेतरी उन्हात पडून राहिलेलं असू शकतं. घेतलं की तीच चाचणी करा.

दुसरीकडे मिळत नाही असा वाण जुन्या पुडीत उरला असेल तर हिशोब उलटा होतो. शंभरात दहा उगवले तरी ते लावा, वेगळे जपा आणि त्यांचं ताजं बी धरा. पण पुडीतलं सगळं एकदम पेरू नका. निम्मं हवाबंद करून थंड जागी ठेवा, म्हणजे हा हंगाम फसला तरी वाण हातचा जाणार नाही.