छातीत धडधडायलंय : आधी पोट दाखवायचं की हृदय?

लग्नात मांडे, वर कुंदा, मग आग्रहाचा आणखी एक मांडा. रात्री आडवं पडलं की छातीत एक ठोका चुकतो आणि पुढचा दणकन बसतो. "गॅस झालाय बघ," घरातलं कुणीतरी सोडा पुढे करतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पंचाईत होते ती उरलेल्या वेळी.

जठर आणि हृदय यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा तेवढा असतो. जठर फुगलं की पडदा वर ढकलला जातो. अन्ननलिका तर हृदयाच्या डाव्या कर्णिकेला, म्हणजे वरच्या कप्प्याला, मागून चिकटूनच खाली उतरते आणि वेगस हा मज्जातंतू दोघांनाही सांभाळतो. म्हणून पोटातल्या गडबडीने ठोके चुकणं ही नुसती कल्पना नाही. जर्मन डॉक्टर लुडविग रोमहेल्ड यांच्या नावाने ही तक्रार आजही ओळखली जाते.

पोटाचं पारडं कधी जड? जड जेवणानंतर, वाकल्यावर किंवा डाव्या कुशीवर झोपल्यावर धडधड होते, आंबट पाणी वर येतं, ढेकर आल्यावर बरं वाटतं. हृदयाचं कधी? जिना किंवा राजहंसगडाचा किल्ला चढताना छाती भरून येते, थांबलं की ओसरते. जोडीला दम, चक्कर किंवा घाम.

इतकं सरळ असतं तर प्रश्नच नव्हता. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका मळमळ, उलटी आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणं घेऊन येतो, अगदी पित्तासारखा. मधुमेही, बायका आणि वयस्क माणसं यांच्यात छातीतली कळ कधीकधी नसतेच. ढेकर आला म्हणजे हृदय सुटलं, असा हिशेब करू नये.

आता तपासण्या. ईसीजीला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखाला, उपाशी राहावं लागत नाही, पाच-दहा मिनिटांत काम होतं. उणीव अशी की कागदावर उमटतात ते त्या काही सेकंदांचेच ठोके. धडधड त्या वेळी नसेल तर कागद स्वच्छ. तिथे होल्टर उपयोगी. हे छोटं यंत्र 24 तास छातीला लावतात. सोबत वहीत लिहायचं : कधी जेवलो, कधी धडधडलं. पोट की हृदय या भांडणात मला ही वही सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार वाटते. एंडोस्कोपीला, म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघायला, सहा-आठ तास उपाशी राहायचं, अल्सर किंवा सूज दिसते, पण हृदयाबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

आणि चौथा, आपला लाडका मार्ग : दुकानातून पित्ताची गोळी. पुष्कळ कॅप्सूलांत डोमपेरिडोन हे मळमळ-उलटीवरचं औषध असतं, ते काहींच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्ये ते सहसा आठवड्यापेक्षा जास्त देऊ नये असं सांगितलं. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालल्या तर रक्तातलं मॅग्नेशियम उतरू शकतं, जुलाब-उलट्यांत पोटॅशियम जातं. यांपैकी एक कमी झालं तरी ठोके चुकू शकतात. म्हणजे पोटाचं औषधच धडधडीचं मूळ असू शकतं. बीपीवाल्यांनी सोड्यातलं सोडियमही मोजावं.

माझं मत विचाराल तर, पोटच आहे अशी खात्री असली तरी एक ईसीजी आधी. तो ठीक, वहीतही धडधड जेवणालाच जोडलेली, मग पोटाकडे वळा : रात्री थोडं जेवण, झोपेआधी तीन तासांचं अंतर, उशाकडची बाजू उंच. मनगटावर नाडी एकसारखी न लागता वेडीवाकडी पळत असेल, आणि तीही वय 65 च्या पुढे, तर पोटाचा विषय बाजूला ठेवा. त्या लयीत गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

घाम, जबड्यात किंवा हातात कळ, शुद्ध हरपणं यांपैकी काही असेल तर तुलना संपली, 108 लावा. कणकुंबी-जांबोटीसारख्या खानापूरच्या डोंगराळ भागातून पावसात निघायचं असेल तर "सकाळी बघू" म्हणू नका.

निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव. तपासणी एका गावात आणि डॉक्टर दुसऱ्या गावात असं आपल्याकडे सर्रास होतं, म्हणून जुना ईसीजी जवळ असू द्या, नव्याशी ताडून बघता येतो. तो कागद हळूहळू पुसट होतो. घेतल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.