पेटीतली भुतं आणि म्हापशाचा बायंडर

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव लिहायचा प्रश्नच येत नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जिथे चोरीसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा लटकतात आणि हरमलच्या मिरच्यांनी नाक चुरचुरतं, त्याच्या मागच्या गल्लीत एक लाकडी जिना आहे. पायऱ्या अकरा, त्यातली सातवी हलते. वर गेलात की आधी खळीचा वास येतो, मग माणूस दिसतो. मी त्यांना बाब म्हणते, सगळेच म्हणतात. वकिलांचे ग्रंथ, देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या, चर्चमधल्या गायकांची पुस्तकं, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, हे बांधून देणं त्यांचं रोजचं काम. मी भुतं घेऊन गेले होते.

नीट सांगायचं तर ‘नवल’ मासिकाचे अठरा अंक, नारायण धारपांची बारा पुस्तकं, रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचे पाच संग्रह, जयंत नारळीकरांची तीन, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नची चार आणि एक कादंबरी, जिचं नाव मला आजही ठाऊक नाही. तिच्याकडे मागाहून येते.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवते. वय ५३. स्टाफरूममध्ये माझ्याबद्दल असा समज आहे की मी अध्यात्माचं काहीतरी वाचते, कारण माझ्या हातातल्या पुस्तकाला कायम वर्तमानपत्राचं कव्हर असतं. तो समज मी मोडलेला नाही. माझं आजोळ साळचं. साळला होळीनंतर तीन रात्री गड्यांचा उत्सव असतो, गडे म्हणजे ज्यांच्या अंगात येतं ते पुरुष. अंगात आलेले गडे मध्यरात्री माळावरून धावत सुटतात आणि लांब डोंगराच्या काळोखात देवचाराची, म्हणजे गावाच्या राखणदार भुताची, मशाल दिसते का म्हणून अख्खा गाव श्वास रोखून बघत उभा असतो. सहा वर्षांची असताना आजीच्या पदराआडून मी ती मशाल पाहिली की नाही, हे आज शपथेवर सांगता यायचं नाही. पण घाबरून रडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आज परत जायचं का’ म्हणून विचारलं, हे मात्र आजी मरेपर्यंत सांगायची. माझ्या वाचनाचं मूळ तिथे आहे.

पुस्तकं आणायचे ते बाबा. खाणीवरच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. टिपरचे पार्ट घ्यायला बेळगावला जात आणि येताना पार्टच्याच पिशवीत ‘नवल’ नाहीतर रद्दीच्या दुकानातली एखादी भयकादंबरी टाकून आणत. त्यामुळे माझ्या अर्ध्याअधिक भुतांना ग्रीसचे डाग आहेत. ही सगळी ठेव पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत असे.

आता गोव्यात पुस्तक पेटीत ठेवणं म्हणजे लोणचं घालण्यासारखंच. वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस. त्यात ही पुस्तकं छापलेली स्वस्तातल्या कागदावर, जो मुळातच लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लाने आपलाआप पिवळा पडणारा. पिना गंजतात, गंज कागद खातो, कसर गोंद खाते, आणि उरलेलं बुरशी. आई दर मे महिन्यात पुस्तकं अंगणात उन्हाला घालायची, कोकमाच्या सोलांच्या शेजारी, एकाच चटईवर. कडक उन्हात असला कागद पापडासारखा मोडका होतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा वाऱ्याने धारपांचं एक पुस्तक ओल्या सोलांत जाऊन पडलं. त्या पानावर आता जांभळट तांबडा मोठा डाग आहे, आणि नेमका खुनाच्या प्रसंगावर. वाचायला नेलेली माणसं तो डाग बघून पुस्तक परत आणून देतात.

तर काम. बाबांचं नव्हे, बाबचं. (हा गोंधळ लिहिताना सारखा होतोय, सांभाळून घ्या.)

पहिल्या भेटीत त्यांनी एक शब्द न बोलता ‘नवल’चा एक अंक हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि पकडीने गंजलेल्या पिना एकेक करून उपटल्या. पिना एका वाटीत. मग बोथट सुरीने जुना गोंद खरवडून काढला. घडीवर फाटलेल्या पानांना पतंगाच्या पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या, मैद्याच्या खळीने चिकटवलेल्या. खळीत मोरचूद असतं, म्हणून ती किंचित निळसर दिसते आणि कसर तिच्या वाटेला जात नाही. फेव्हिकॉल का नाही, असं मी विचारलं. खळ पाण्याने सुटते, म्हणाले, उद्या दुसऱ्या कुणाला हे परत उसवावं लागलं तर? आपलं काम कधीतरी कुणीतरी उसवणार हे धरून चालणारा कारागीर मी पहिल्यांदा पाहिला. शाळेच्या इमारतीचे कंत्राटदार डोळ्यांसमोर आले.

जुन्या छापाची पुस्तकं फर्म्याफर्म्याने शिवलेली असतात, सोळा पानांचा एक फर्मा. ती ते तशीच फर्म्याच्या घडीतून दोऱ्याने शिवतात. नंतरच्या काळातली नुसती गोंदाने चिकटवलेली किंवा कडेने पिना मारलेली. त्यांना आरीने भोकं पाडून कडेनेच दोरा घालावा लागतो, त्यामुळे पुस्तक पुरतं उघडत नाही, दोन्ही हातांनी धरून वाचावं लागतं. हे ते आधी सांगतात. शिवून झालं की पुठ्ठे, वर रेक्झीन, आणि रात्रभर शिकंज्यात दाबून. शिकंजा लाकडी आणि जुना आहे. त्याच्या दांड्याला लोंबकळूनच पिळावा लागतो.

रेक्झीनचे रंग तीन: मरून, हिरवा, काळा. भुतांना काळा द्यावा अशी माझी साधी अपेक्षा. पण काळा वकील संपवतात. शेवटी भयकथा हिरव्या आणि विज्ञानकथा मरून अशी वाटणी झाली. आता कपाट लांबून शेतकी खात्याच्या अहवालांसारखं दिसतं.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे आणि ती मी विसरणार नाही. ‘नवल’चे पहिले नऊ अंक त्यांनी तीन खंडांत बांधले आणि तिन्ही बाजूंनी कटिंग मारून गुळगुळीत करून ठेवले. कडा सुंदर. पण दोन ठिकाणी चित्रांचे वरचे भाग गेले. एका राक्षसाला आता डोकं नाही, नुसतं धड गावावरून चाललंय. त्याहून वाईट म्हणजे मुखपृष्ठं. कोर्टाचे ग्रंथ बांधताना बाहेरचा कागद टाकूनच द्यायचा असतो, त्या सवयीने त्यांनी नऊच्या नऊ रंगीत मुखपृष्ठं काढून रद्दीत घातली होती. मी जिन्यावरच बसले. ही मुखपृष्ठं मी अक्षरं यायच्या आधीपासून वाचत होते. ते काही बोलले नाहीत. रद्दीवाल्याकडे माणूस पाठवला. चार परत आली, त्यातल्या एकावर चण्याचं तेल. चूक माझीही, मी काही सांगितलंच नव्हतं. म्हणून जाणाऱ्यांना सांगते: ‘कटिंग नको, कव्हर आत बांधा’ हे दोन शब्द कागदावर लिहून पुस्तकात ठेवा. तोंडी सांगितलेलं खालच्या बाजारात विरून जातं.

दुसरी तक्रार शुद्धलेखनाची. मतकरींच्या पाचही संग्रहांच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘गुढकथा’ असं आलं, ऱ्हस्व. गुढीपाडव्याच्या गोष्टी वाटाव्यात तसं. मी दाखवलं, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि पैसे न घेता नवी पट्टी चिकटवून वर दीर्घ करून दिलं. बोट फिरवलं तर खालचा ऱ्हस्व अजून लागतो.

तिसरी वेळेची. आठ दिवस म्हणजे पाच आठवडे. ‘फाल्यां’ (उद्या) हा शब्द त्यांच्या तोंडी तारीख म्हणून येत नाही, नमस्कारासारखा येतो. अस्नोड्यावरून बसने तीन खेपा फुकट गेल्या माझ्या. आणि पावसाळ्यात तर जाऊच नका. जुलै-ऑगस्टमध्ये ते काम घेतच नाहीत. ‘पावसांत खळ सुकना,’ संपलं. दसऱ्यानंतर द्या.

नारळीकरांचं मात्र माझ्या मनासारखं झालं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली होती, ती स्वतःच्या नावाने नव्हे. नावाच्या वजनाने निकाल झुकू नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ झाले, आणि पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. हे मी नववीत असताना वाचलं आणि आठवडाभर स्वतःचं नाव उलटं करून वहीवर लिहीत होते. म्हणून त्यांच्या तीन पुस्तकांपैकी एकाच्या पाठीवर मी ‘ना. वि. जगताप’ घालायला सांगितलं. बाबनी आतलं पान उघडून खात्री केली, माझ्याकडे बघितलं. ‘हो कोण?’ म्हणजे हा कोण. मी सगळी गोष्ट सांगितली. हातातली आरी खाली ठेवून ऐकली त्यांनी. मग म्हणाले, बक्षिसाचे पैसे कोणाच्या नावाने काढले असतील? गणिताच्या बाईला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आणि आता ती नाव नसलेली. तिला मुखपृष्ठ नाही, पहिली सहा पानं नाहीत, शेवटचंही एक नाही. लेखक कोण, प्रकाशक कोण, काही कळायला मार्ग नाही. बाबांनी रद्दीतून वजनावर घेतलेली. बाराव्या वर्षी मी ती तापात वाचली. त्यात एक तरुण सर्वेयर एका बंद वाड्यात मुक्कामाला येतो. ९६व्या पानाच्या तळाशी तो तळघराच्या कडीला हात घालतो. त्यापुढचं पान थेट ११३. त्यात तो आगगाडीत बसलाय, केस पांढरे झालेत आणि शेजारची बाई त्याला ‘आजोबा’ म्हणते. मधे काय झालं हे मी चाळीस वर्षं रचते आहे. कधी तळघरात काळ वेगळा चालतो, कधी तिथे कुणी नसतंच आणि तेच भयंकर असतं. परीक्षांच्या सुपरव्हिजनला तीन तास उभं राहताना हाच उद्योग असतो माझा. चांगलं लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय, पण इतकं पुरलेलं दुसरं काही नाही.

ती घ्यायला गेले तेव्हा पुस्तक मला आठवत होतं त्यापेक्षा जाड लागलं. उघडलं. ९६ नंतर आठ कोरे कागद, म्हणजे बरोबर सोळा पानं. ‘पानां उणीं आसात,’ बाब म्हणाले. शिवताना त्यांनी फर्मे मोजले होते. सातवा गहाळ दिसला, तर त्याच्या मापाचा कोरा फर्मा घडी घालून जागेवर शिवला. कोर्टाच्या कागदांत असंच करतात म्हणे, पुढेमागे मूळ पानं सापडली तर जागा असावी. कागदही शोधून पिवळटच घातलेला. कथा त्यांनी वाचली नव्हती. विचारलं, तर म्हणाले, भुतांचं मी वाचत नाही, रात्री एकटा असतो इथे.

‘पाठीर कितें बरोवं?’ (पाठीवर काय लिहू?) असं त्यांनी विचारलं तेव्हा मला काही सुचलं नाही. पाठ कोरीच आहे. दिवाळीत बहिणीचा मुलगा राहायला आला होता, अकरावीतला, मोबाईलमधून मान वर न काढणारा. तो गेल्यावर बघते तर ९७व्या जागेवर पेन्सिलीने दोन ओळी. अक्षर भिकार. त्याच्या तळघरात पाणी आहे, समुद्राचं, आणि ते चढतंय. मला कधी सुचलं नव्हतं.

हिशेब: साधं पुस्तक २२० रुपये, ‘नवल’चे तीन अंक मिळून एक खंड ३५०, पाठीवरच्या सोनेरी अक्षरांची ओळ ४०. सहा खंड, पंचवीस पुस्तकं, तीस ओळी मिळून ८,८०० झाले. घासाघीस केली नाही, मुखपृष्ठांवरून आधीच पुरेसं बोलले होते. कार्ड चालत नाही. पिशवीत आतून प्लास्टिक घालून न्या, सातव्या पायरीला कठडा धरा, आणि दुपारी १ ते ४ जाऊ नका, झोपलेले असतात. डिचोलीच्या बाईने पाठवलं असं सांगू नका. माझे ज्यूल व्हर्न अजून त्यांच्याकडेच आहेत, तुमच्यामुळे आणखी मागे पडतील.