औषध-जनुक तपासणी: कामाचं पान एकच, बाकी रंगपंचमी

भाचीच्या छातीत पाणी झालं, टीबी निघाला, आणि ताईने कुठलीशी जाहिरात बघून ही तपासणी मागवली. ‘तुमचं लिव्हर कोणती औषधं सोसेल ते जनुकं सांगतील’ वगैरे. रिपोर्ट वाचायला अर्थातच माझ्याकडे आला. साताऱ्यात माझं मेडिकल आहे, घरातली प्रत्येक चिठ्ठी शेवटी माझ्याच काउंटरवर येते. लॅबचं नाव घेत नाही.

सॅम्पल घ्यायला आलेला मुलगा चोख. गालाच्या आतून काडी फिरवली, नळी सील केली, झालं. फक्त आधी अर्धा तास काही खायचं नाही, हे त्याने दारात उभं राहून सांगितलं. भाचीने नुकतंच दूध प्यायलेलं. मग बसला बिचारा गप्पा मारत.

रिपोर्ट जाडजूड, गुळगुळीत कागदावर हिरवा-पिवळा-लाल. कामाचं पान एनएटी२ या जनुकाचं. आयसोनियाझिड या टीबीच्या मुख्य औषधाचा निचरा या जनुकाच्या एन्झाइमवर अवलंबून असतो. ते मंद असेल तर औषध रेंगाळतं आणि त्यातून हायड्रॅझिनसारखे लिव्हरला घातक पदार्थ जास्त तयार होतात. भाचीच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक वडिलांकडची) मंद प्रकारच्या निघाल्या, *५ आणि *६. पानभर लाल. ताई तर गोळ्याच बंद करायला निघाली होती.

भारतात निम्म्याहून जास्त लोक याच मंद गटात येतात आणि बहुतेकांचा कोर्स सुखरूप पार पडतो, एवढं एक वाक्य छापलं असतं तर काय बिघडलं असतं? उलट २०१३ ची जपानी चाचणी मोठ्या दिमाखात दिलीय: मंद गटाला आयसोनियाझिडचा अर्धा डोस दिला, लिव्हरचा त्रास कुणालाच नाही. खाली सूचना, ‘डोस कमी करण्याचा विचार करावा’. कसा करणार? टीबीच्या सरकारी गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम एकत्र असतं. गोळी कमी केली की चारही कमी! पायराझिनामाइडही लिव्हरला त्रास देतं, पण त्याबद्दल अक्षर नाही.

पुढे एचएलए, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीची जनुकं. त्यातला बी*५७:०१ हा प्रकार असेल तर फ्लुक्लोक्सासिलिन या अँटिबायोटिकने लिव्हर बिघडण्याचा धोका ‘८० पट’, ठळक टायपात. आकडा बरोबर आहे. पण हा प्रकार असलेल्या ५०० ते १००० जणांनी औषध घेतलं तर एखाद्यालाच त्रास होतो, ते गाळलंय. आणि ग्रीन टी व हळदीच्या कॅप्सूलमुळे होणाऱ्या इजेशी ज्याचा संबंध सापडलाय, तो बी*३५:०१ तपासलेलाच नाही. ताईच्या फडताळात दोन्ही डबे आहेत. वर गुळवेलीचा काढा. गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवलेत. फॉर्मवर रक्तगट विचारतात, काढा नाही.

लॅबच्या समुपदेशक बाईंना मात्र पूर्ण गुण. ‘गोळ्या बंद करू नका, आधी टीबीच्या डॉक्टरांना दाखवा’, हे त्यांनी फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं, तेही मराठीत.

डॉक्टरांनी डोस तसाच ठेवला, एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) जरा लवकर लवकर करायला लावलं, काढा आणि कॅप्सूल बंद. मळमळ, गडद लघवी असा त्रास असेल तर एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पट, नसेल तर पाचपट झाल्यावर गोळ्या थांबवतात.

पाचपैकी तीन तारे. टीबीची औषधं सुरू होणार नसतील तर पैसे घालवू नका. घ्यायचीच असेल तर बी*३५:०१ यादीत आहे का, ते आधी फोन करून विचारा.